बाजीराव दुसरा, हजर!

…आणि वर मलाच म्हणतो, ‘कोण बाजीराव लागून गेलास रे तू!’ ऐकलंत ना तुम्ही? काय मागितलं होतं मी? चहाच मागितला ना? जरा गरम द्या म्हटलं, बस्स! तर तो हॉटेलवाला अंगावर आला, ‘कोण बाजीराव लागून गेलास?’ अहो, लागून कुठं गेलोय? मी आहेच बाजीराव! कागदावर आहे, शाळेच्या रजिस्टरात आहे, परवाच्या मतदार यादीत पण आहे. बाजीराव. आणि साधा नाय, दुसरा!

बसा हो, बसा त्या दगडावर. डहाणूची एसटी काय इतक्यात येत नाय, तलासरीच्या नाक्यावर ती वेळेवर आलेली मी माझ्या एकोणतीस वर्षांच्या जन्मात पाहिली नाय… मावशी, तुमची बोंबलाची टोपली जरा तिकडं घ्या, ही पेटी टेकवतो. एकाच हातानं उचलायला लागते, डावा हात असा वाकडा, त्याचं पण सांगतो. पेटी आमच्या चिमीची. लेक माझी. आठ दिवस झाले, कोसबाडच्या शाळेत शिकायला राहिली, तिची पेटी पोचवायला चाललोय. का राहिली? तेच तर सांगतोय! पण ते सांगायचं तर आधी पांड्याचं सांगायला लागतं.

पांड्या म्हणजे मी. आमच्या पाड्यात चार पांड्या. आंब्याखालचा पांड्या, ओहळाकडचा पांड्या, काळा पांड्या आणि शेळीवाला पांड्या, तो मी. कधी घोटाळा झाला नाय! आंब्याखालच्याचा मार ओहळाकडच्यानं खाल्ला, असं एकदा तरी? कधीच नाय. चौघंही पांड्या, पण त्यात पहिला कोण, दुसरा कोण, हे कुणाच्या डोक्यात पण आलं नाय. आणि मग देश स्वतंत्र झाला, आणि त्याच्या दुसऱ्या वर्षी पाड्यावर गुरुजी आले!

गुरुजी पुण्याकडचे. काळी टोपी, नाकात तपकीर, आणि काखोटीला इतिहासाचं एक जाडजूड पुस्तक. शाळा म्हणजे झावळ्यांची खोप. आम्ही बारा-बारा वर्षांची पोरं, मिसरूड फुटायच्या बेताला आलेली, रांगेत उभी. गुरुजी म्हणतात, ‘नाव?’ तुक्या. ‘छे! तुक्या काय तुक्या! तानाजी लिहितो.’ पुढचा हाल्या. ‘हाल्या? हंबीरराव!’ मग आंब्याखालचा पांड्या पुढं झाला. गुरुजींनी तपकीर ओढली, त्याची छाती बघितली, ‘शाब्बास! बाजीराव!’ तेवढ्यात मी आलो. उशीर का झाला? शेळी बांधत होतो! तेवढीच माझी चूक, सांगून ठेवतो. ‘नाव?’ पांड्या. ‘अरे, पांड्याचं बाजीराव आत्ताच केलं ना मी!’ आता माणूस नियमाचा पक्का, पांड्या म्हटलं की बाजीराव. लिहिलं, ‘बाजीराव दुसरा.’ झालं! शेळीच्या एका गाठीपायी माणूस इतिहासात जाऊन पडला!

दोन दिवसांनी पुस्तक उघडलं. ‘मुलांनो, बाजीराव दोन झाले. पहिला बाजीराव! एक लढाई हरला नाही. घोड्यावर बसून कणसं चोळून खायचा. दिल्लीपर्यंत धडक मारली!’ सगळी पोरं आंब्याखालच्याकडं बघायला लागली. तो असा फुगला, असा फुगला… ‘आणि दुसरा बाजीराव. खडकीला लढाई चालू असताना पर्वतीवरून बघत बसला, मग जो पळत सुटला तो पळतच सुटला. शेवटी इंग्रजांना राज्य लिहून दिलं, आठ लाखांचं पेन्शन घेतलं आणि गंगेकाठी जाऊन राहिला.’ आणि सगळी पोरं माझ्याकडं! मी काय केलं होतं हो? शेळी बांधली होती! पण त्या दिवसापासून ठरूनच गेलं. पहिला लढला, दुसरा पळाला. पुस्तकात तसंच आहे!

पकडापकडी खेळताना मी पुढं निघून गेलो तर, ‘पळाला पळपुटा!’ आणि जाग्यावर उभा राहिलो तर, ‘पळायला पण येत नाय काय रे?’ आता करायचं काय माणसानं?

बरं, ते पोरपण झालं. आता छप्पन सालचं ऐका, हा हात त्या सालचा. गवताचे दिवस. आमच्याकडचं गवत कापायचं, दाबून गठ्ठे बांधायचे, ते रेल्वेनं मुंबईच्या तबेल्यांत जाणार. म्हशी खाणार तिकडं आणि कंबर मोडणार आमची. तर ठरलं, की शेठ भाव वाढवून देत नाय तोवर कोणी विळा उचलायचा नाय. माळावर सगळा पाडा जमलेला, बायामाणसं सुद्धा. आणि आमचा पहिला बाजीराव गवताच्या गंजीवर चढून, असा हात करून, ‘घाबरू नका! मी पुढं आहे! आधी माझ्या अंगावरून जाऊ दे त्यांना, मग तुमच्या!’ काय आवाज! माझ्या पण अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू?

आणि जीप आली. मुकादम आणि बरोबर सहा जण, हातात काठ्या. मी गंजीकडं बघतो तर गंज रिकामी! अहो, त्यानं उडी टाकली ती कुणाला दिसली पण नाय. पुस्तकातल्या पहिल्या बाजीरावानं दिल्लीपर्यंत धडक मारली, आमच्यानं गुजरातेतल्या भिलाडपर्यंत! आणि त्याच्या मागं सगळा पाडा, ओहळ ओलांडून, रानात. एका क्षणात माळ मोकळा.

मी? खरं सांगतो, मी शूर बिर काय नाय. मी पण पळणार होतो. एक पाय उचलला पण होता! पण आमची कमळी, घरवाली माझी, मोहाच्या झाडाखाली बसलेली. चिमी पोटात, दिवस भरलेले. ती म्हणाली, ‘माझ्यानं उठवत नाय.’ संपलं! उचललेला पाय खाली ठेवला आणि तिच्यापुढं जाऊन उभा राहिलो. दुसरं काय करणार होतो? तुम्ही काय केलं असतं?

मुकादम आला. ‘अल्या, शुं नाम छे तारुं?’ मी म्हटलं, बाजीराव. ‘कोन बाजीराव लागून गेला रे तू?’ आणि पहिली काठी. ‘हट जा!’ नाय हटलो. दुसरी काठी. ‘हटतो का?’ मी हटलो तर ती कमळीला लागणार, मी हटू कसा? तिसरीला हा हात गेला. असा आवाज झाला, वाळकी फांदी मोडावी तसा. मग मात्र मुकादमच घाबरला. एक माणूस मरायला टेकला, एक बाई अवघडलेली, पोलिसांचं लफडं व्हायचं! गेला जीप घेऊन. आणि शेठला जाऊन सांगितलं, ‘ए लोक नाय मानत, शेठ. बाजीराव करून एक मानूस हाय, मार खाऊन पन उभाच हाय!’ गवत तर वाळून चाललं होतं. दुसऱ्या सकाळी शेठनं भाव दिला.

आणि इथंच घात झाला! मुकादमाच्या ड्रायव्हरनं बाजारात सांगितलं, ‘बाजीराव उभा राहिला!’ आता बाजीराव उभा राहिला म्हटलं तर कुठला? विचारायला पण लागलं नाय कुणाला! पहिला लढला, दुसरा पळाला. पुस्तकात तसंच आहे! बघणारं कोण होतं? कोणीच नाय, सगळे रानात! आणि मी पळालो होतो असं आपल्या तोंडानं कोण सांगतो? ज्याला त्याला विचारा, ‘आम्ही होतो ना बाजीरावाच्या पाठीमागं!’ पाठीमागं! ओहळाच्या पलीकडं होते हो, अर्धा कोस पाठीमागं!

आंब्याखालचा तिसऱ्या दिवशी परत आला. डोक्यात कुसळं, पायात काटे. तोवर झेंडूचा हार तयार! त्यानं तरी काय करावं? हार घेऊन आलेल्या माणसांना नको म्हणायला पण छाती लागते, ती कुठून आणणार तो? मान पुढं केली. आणि माझा हात भगतानं बांबूच्या कामट्यांत बांधला होता, तो बघून लोक काय म्हणाले? ‘पळताना पडला असेल!’ कमळी भांडली, ओरडली, सगळ्यांना सांगत सुटली. तर म्हणाले, ‘घरवाली आहे, ती बोलणारच.’

गिळलं मी ते. दहा वर्षं गिळलं. आंब्याखालचा पंचायतीत गेला, सरपंच झाला, सगळं बघितलं. पण या सव्वीस जानेवारीला शाळेत त्याचा सत्कार. गुरुजी तेच, म्हातारे झालेत, पुस्तक तेच. उभे राहिले आणि दोन्ही बाजीरावांची सगळी गोष्ट पहिल्यापासून! घोडा, कणसं, दिल्ली, पर्वती, पळापळ… आणि शेवटी म्हणतात, ‘मुलांनो, आपल्या पाड्याचाही एक पहिला बाजीराव आहे!’ टाळ्या. आणि सगळी पोरं वळून चिमीकडं बघायला लागली. माझ्या चिमीकडं! ‘पळपुट्याची चिमी! पळपुट्याची चिमी!’

दुसऱ्या दिवसापासून शाळा बंद. घरामागं पाटी घेऊन बसायची. वर्गात पहिली येणारी पोर हो! मी जवळ गेलो तर म्हणाली, ‘बा, तू पळालास काय रे?’ म्हटलं, नाय गं. ‘मग पुस्तकात कशाला आहे?’

तीन काठ्या खाल्ल्या तेव्हा रडलो नाय, त्या दिवशी रडलो.

तसाच उठून गुरुजींकडं गेलो. म्हटलं, गुरुजी, सगळं उलटं झालंय, उभा राहिलेला मी होतो. ते चष्म्यावरून बघतात, ‘बाजीराव, इतिहास असा आपल्या सोयीने बदलता येत नाही.’ बरं, मग नाव तरी बदला! ‘काय ठेवू?’ माधवराव ठेवा. पुस्तक चाळलं. ‘पहिले थोर. दुसरे, सवाई, वाड्यावरून पडून गेले, एकविसाव्या वर्षी.’ नको! शिवाजी? ‘पहिले म्हणजे काय बोलावं! दुसरे मात्र कैदेत गेले.’ राजाराम? ‘दुसरे आयुष्यभर नजरकैदेत.’ अहो, दुसऱ्याचं कधी धड झालंच नाय काय? मी म्हटलं, गुरुजी, शोधा, एक तरी दुसरा चांगला निघाला असेल! खूप वेळ चाळत बसले. ‘नानासाहेब. सत्तावन्नचे. हा दुसरा खरा लढला.’ मी म्हटलं, लिहा, लिहा! ‘पण पुढे कुठे गेले, पत्ता नाही. नेपाळात पळाले म्हणतात.’ म्हणजे बघा, लढला तरी पळालाच! मी उठलो. तर गुरुजी मागून म्हणतात, अगदी हळू, ‘आणि हे नानासाहेब माहीत आहे का कोण? दुसऱ्या बाजीरावाचा दत्तक मुलगा. पळपुट्याच्या घरातच वाढला तो.’

ते तेवढं डोक्यात राहिलं माझ्या.

मग आंब्याखालच्याकडं गेलो, पाड्यासमोर खरं बोल म्हणून सांगायला. त्यानं दार लावून घेतलं. आणि काय म्हणाला? ‘पांड्या,’ पांड्या म्हणाला बरं का, बाजीराव नाय, ‘पांड्या, तू उभा होतास, मला माहीत आहे. दहा वर्षं माहीत आहे. पण आता खरं बोललो तर मी पळू कुठं? भिलाडला पण ओळखतात मला!’ मग म्हणाला, ‘चिमीला या पाड्यात कशाला ठेवतोस? कोसबाडला राहून शिकू दे. सरपंचाची चिठ्ठी लागते, ती मी देतो. तिथं तिला कोण ओळखतंय? फक्त… तू ते माळावरचं परत काढू नकोस.’

किती वेळ बसलो असेन तिथं! हा वाकडा हात मांडीवर घेऊन. हा बघितला की माळ आठवायचा, आणि माळ सोडून माझ्याकडं होतं काय दुसरं? तेवढाच एक दिवस माझा. आणि मग घरामागची पाटी आठवली. म्हटलं, दे चिठ्ठी.

हसू नका हो! राज्य सोडलं, पेन्शन घेतलं! पुस्तकात तसंच आहे! गुरुजींनी सतरा वर्षांपूर्वी लिहिलं ते मी माझ्या तोंडानं खरं करून दिलं. आंब्याखालच्याचा राग येतो मला, फार येतो. पण चिमी तिथं गेली, त्यांनी नाव विचारलं, हिनं सांगितलं चिमी. बापाचं नाव? आणि काय सांगितलं माहीत आहे? ‘पांड्या.’ म्हणाली, ‘शेळीवाला पांड्या!’ आणि हसली. सहा महिन्यांनी हसली पोर…

अरे, आली! एसटी आली! बघा, बघा, थांबली का इथं? नाय! नेहमीसारखी गेली पुढं, त्या चिंचेपाशी! पळा, मावशी, टोपली सांभाळा! अहो, जागा नाय मिळायची, पळा सगळे! …मी? येतो हो, ही पेटी, हा हात… तुम्ही व्हा पुढं, मी इथं उभा आहे, मला पळायला जमत नाय, कुणाला पण विचारा…

नाय, नको. कुणाला विचारू नका.