घरी कोणी नाही

(घोडेगावहून भिंगारकडे भावकीतल्या लग्नाला निघालेली गाडी. हर्षल गाडी चालवतोय, शेजारी त्याची आई चांगुणाबाई. मागच्या सीटवर थोरली सून रुपाली, मांडीवर झोपलेली लेक संस्कृती.)

रुपाली: लग्न होऊन आले, त्याच आठवड्यात केशरआत्या मला म्हणाल्या होत्या, ‘सूनबाई, उंबरा ओलांडायच्या आधी घरातले सगळे खटके एकदा बघत जा.’ मी काय म्हणाले माहितीये? ‘आत्या, हल्ली सगळं आपोआप बंद होतं.’ आणि हसले होते.

हर्षल: बरोबरच बोललात की. होतंच बंद.

चांगुणाबाई: हसायचंच असतंय त्यांच्या बोलन्यावर. तुझ्या सासऱ्याची थोरली बहीन, माझी ननंद, म्हनून मी गप बसते. न्हाई तर वन्संला शिडी दिली, तर चंद्राचाबी खटका बंद करून येत्याल.

रुपाली: हसण्यावारी नेऊ नका, आई. निघताना मी बघितलं, मशीनमध्ये कपडे भरलेले होते. पावडरसुद्धा टाकलेली. ते बंद केलंत ना, भाऊजी?

हर्षल: बंद कशाला? मीच लावून ठेवलंय. मध्येच लाईट गेली, एवढंच. आता लाईट आली की जिथं थांबलं तिथून पुढं चालू. पाणी घेणार, धुणार, पिळणार. आपण भिंगारला अक्षता टाकायच्या आणि घरी येऊन कपडे दोरीवर टाकायचे. याला नियोजन म्हणतात.

रुपाली: घरी कोणी नसताना?

हर्षल: मशीन त्यासाठीच असतं, वहिनी. माणूस जवळ बसवून ठेवायचा, तर धुण्याचा दगड काय वाईट होता?

चांगुणाबाई: आगं, आमी धुनं डोक्यावर घिऊन वढ्याला जायाचो. आता एवढी मशीन आनली, तर ही म्हनती तिच्यापाशी बसून ऱ्हावा. मशीन हाय का बाळंतीन?

हर्षल: आई, केडगावला दादा-वहिनींच्या घरी तसंच करतात. दादा सांगत होता. रात्री ह्या उठून चार्जर काढून ठेवतात आणि सकाळी त्याचा मोबाईल मेलेला.

रुपाली: मोबाईल मेला तर चालतो, भाऊजी.

हर्षल: हे बघा, लागलं लगेच. केमिस्ट्री शिकलेल्या माणसाला सगळीकडं स्फोटच दिसतो.

रुपाली: आणि मोबाईलच्या दुकानात बसलेल्याला सगळीकडं वॉरंटी दिसते.

चांगुणाबाई: आगागा! भांडा, भांडा. पर पुढं बघून भांडा. डबल ट्रॉली हाय.

हर्षल: दिसतीये. कारखाने चालू झाले की हा रस्ता उसाच्या बापाचा. आता इमामपूरचा घाट चढेपर्यंत ह्याचंच बूड बघत जायचं.

रुपाली: सावकाश घ्या, संस्कृती आत्ताच झोपलीये. बरं, आत्या टेम्पोत नीट बसल्या का? मी हिची वेणी घालत होते, त्यांना निरोप द्यायलाही जमलं नाही.

चांगुणाबाई: कुठला टेम्पो?

रुपाली: वऱ्हाडाचा. आपल्या आधी गेला ना तो. आत्या त्यातूनच गेल्या ना?

चांगुणाबाई: वन्सं? वन्संला कोन न्हेतंय लग्नाला! मांडवात शिरल्या की पयला स्पीकर बंद करत्याल. घरी हायेत त्या.

रुपाली: घरी? अहो, पण निघताना तुम्ही शेजारच्या सविताताईंना ओरडून सांगितलंत, ‘घरी कोणी नाही, जरा लक्ष ठेव.’

चांगुणाबाई: मग? न्हाईच कोनी.

रुपाली: आत्या आहेत की!

चांगुणाबाई: आगं येडे, कोनी न्हाई म्हंजी कामाचं मानूस न्हाई. कुत्रं शिरलं तर हाकलायला, पाव्हनं आलं तर पान्याचा तांब्या द्यायला. वन्संचं काय, हायेत आन् न्हाईत.

रुपाली: हे त्यांच्यासमोर म्हणता का तुम्ही?

चांगुणाबाई: कमी ऐकू येतंय त्यान्ला. म्हनलं तरी काय फरक पडतुय?

रुपाली: पण मग तुमचं नियोजन फसलं, भाऊजी. लाईट आली आणि मशीन घरघरलं की आत्या पहिलं तेच बंद करणार.

हर्षल: मला तेवढं कळत नाही का? केलीये त्याची व्यवस्था.

रुपाली: कसली?

हर्षल: मागच्या खोलीला बाहेरून कडी.

रुपाली: कोणी, तुम्ही घातली?

हर्षल: आरशातून असं बघू नका माझ्याकडं. कोंडलं-बिंडलं काही नाही. आत खाट आहे, पाण्याचा तांब्या आहे, आईनं पोहे दिलेत. तुम्हाला माहितीये ना मागच्या खेपेला काय झालं? सुरेखाच्या साखरपुड्याच्या आदल्या दिवशी आम्ही बस्ता बांधायला गेलो आणि आत्यानं फ्रीज बंद केला. सगळा खवा नासला.

चांगुणाबाई: गुलाबजामच्या जागी बुंदी वाढावी लागली पाव्हन्यांला. माझ्या पोरीची व्हनारी सासू बुंदीकडं बघून आशी हसली, आशी हसली! त्याच दिवशी म्या वन्संला सांगितलं, आजपासनं ह्या घरातल्या एकाबी खटक्याला हात लावायचा न्हाई. लावला तर आपल्या घोडेगावच्या बाजारात न्हिऊन सोडीन.

रुपाली: म्हशींच्या बाजारात.

चांगुणाबाई: मग काय मानसांचा बाजार हाय तिथं? रागात मानूस बोलतंय.

हर्षल: आणि तिनं ऐकलं बरं का. त्या दिवसापासून हात लावत नाही. नुसती खटक्याकडं बघत उभी राहते. पण भरवसा काय? म्हणून कडी.

रुपाली: म्हणजे मशीन मोकळं आणि माणूस कडीआड.

हर्षल: झालं, भाषण सुरू.

चांगुणाबाई: म्या तर सकाळी म्हननार हुते, पोरगीबी वन्संपाशी ठीव, लग्नाच्या गर्दीत कशाला न्हेती. पर तू कुठं कुनाचं ऐकतीस? तू तुझ्या पोरीला वाऱ्याच्यासुदिक हाती द्यायची न्हाईस.

रुपाली: माझी मुलगीसुद्धा त्या कडीच्या आत राहिली असती?

चांगुणाबाई: आत म्हंजी काय तुरुंगात? घरातच की.

रुपाली: भाऊजी, आज सकाळी बंब पेटलेला नव्हता. तुम्ही अंघोळीचं पाणी कशावर तापवलंत?

हर्षल: आता तपास सुरू. रॉडवर.

रुपाली: तो काढलात?

हर्षल: सांगतोय ना, मध्येच लाईट गेली. पाणी कोमट झालं होतं तेवढ्यावर भागवलं. तांब्यानं भराभर अंगावर घेतलं आणि पळालो. आई बाहेरून बोंबलत होती, उशीर झाला, उशीर झाला.

चांगुणाबाई: आता माझ्यावर ढकल.

रुपाली: रॉड बादलीतच आहे?

हर्षल: असेल.

रुपाली: आणि खटका?

हर्षल: वहिनी, लाईटच नव्हती! लाईट नसल्यावर चालू काय आणि बंद काय?

रुपाली: बादलीत पाणी किती उरलंय?

हर्षल: तळाला असेल थोडं. अंघोळ करून कोणी बादलीत डोकावून बघतं का?

रुपाली: प्लॅस्टिकची बादली.

चांगुणाबाई: हिरवी. नवीन हाय माझी. दोन येळा बी वापरली न्हाई.

रुपाली: आई, बादलीचं नाही बोलत मी. बाथरूमच्या भिंतीला लागून आत्यांची खोली आहे. खोलीला एकच खिडकी, तीही बाथरूमकडच्या बोळात उघडते.

हर्षल: अहो, लाईट येईल तेव्हा ना! आपल्याकडं सकाळी गेलेली लाईट दिवेलागणीशिवाय येत नाही. मी रोज बघतो. तोवर आपण जेवून, वाटलंच तर एक डुलकी काढून परत येतोय.

रुपाली: जी लाईट संध्याकाळशिवाय येत नाही म्हणता, तिच्यावर कपडे धुऊन निघणार होते ना तुमचे?

चांगुणाबाई: आता बोल की.

हर्षल: तुम्हाला वाद घालायचाच असेल तर घाला.

चांगुणाबाई: हर्षल, तुजा मोबाईल वाजला.

हर्षल: वाजू दे. वऱ्हाडातलं कोणी असेल, कुठं पोचलात म्हणून. वहिनी, बघा बरं जरा.

रुपाली: वऱ्हाडातलं कोणी नाही. ‘गोठा कॅमेरा चालू झाला’ असं आलंय.

हर्षल: बघा! म्हैस घरी आणली त्याच दिवशी बसवलाय. आपण कुठं का असेना, म्हैस डोळ्यासमोर. लाईट गेली की कळवतो, लाईट आली की…

चांगुणाबाई: आली वाटतं लाईट.

रुपाली: आत्ता नाही आली, आई. ह्याच्यावर वेळ आहे. मगाशीच आलीये. घाटात खाली रेंज नव्हती म्हणून आपल्याला आत्ता कळलं.

हर्षल: दाखवा बरं इकडं.

रुपाली: तुम्ही रस्त्याकडं बघा. म्हैस उभी आहे, दाव्याला हिसके देतीये. घर ह्याच्यात दिसत नाही. म्हशीला कॅमेरा लावलात आणि आत्यांना कडी. गाडी फिरवा.

हर्षल: कुठं फिरवू? पुढं ट्रॉली, मागं ट्रक, एका अंगाला दरी. वर सपाटीला गेल्याशिवाय फिरत नाही. आणि रॉडला असतं ते, पाणी संपलं की आपोआप बंद होतं.

रुपाली: हातगाडीवरून आणलेल्या रॉडला?

हर्षल: असायला पाहिजे.

चांगुणाबाई: आन् गाडी फिरवून काय करायचं? लगीन लागून जाईल. पाव्हनं इचारत्याल, चांगुणा कुठं गेली, तर काय सांगायचं? बादलीसाठी माघारी गेली?

रुपाली: मी सविताताईंना फोन लावते.

चांगुणाबाई: थांब. सविताला वन्संचं काय सांगू नगं. कडीचं तर मुळीच न्हाई. दुपारपर्यंत गावभर करंल ती. म्हनंल, पुण्यवान लोकं, म्हातारीला कोंडून लग्नाला गेली.

रुपाली: खोटं बोलेल का ती?

चांगुणाबाई: लई शिकलीस म्हनून तोंड वर करून…

रुपाली: हॅलो, सविताताई? मी रुपाली.

सविता: बोल की गं. पोचला का भिंगारला? नवरी कशी हाय?

रुपाली: तुम्ही कुठं आहात आत्ता?

सविता: वट्यावर बसलीया, शेंगा फोडत. का गं?

रुपाली: आमच्या घराकडून कसला वास येतोय का?

सविता: लई घान येतुया. म्हनलं कुनीतरी टायर पेटवला. तुमच्या मागच्या अंगाला धूर बी दिसतुया थोडा.

हर्षल: धूर?

रुपाली: मग तुम्ही बघायला नाही गेलात?

सविता: आता गं बाई! काकूच म्हनल्या जाताना, घरी कोनी न्हाई. पुढं कुलूप. आत तुमची मशीन घरघर घरघर वाजतीया, म्हनलं तिचाच आसंल वास. कुनी नसल्यावर दुसऱ्याच्या घरात कशाला शिरायचं? उद्या काय हाललं तर माझं नाव.

रुपाली: सविताताई, नीट ऐका. घरी आत्या आहेत.

सविता: कोन?

रुपाली: केशरआत्या. मागच्या खोलीत. बाहेरून कडी आहे.

सविता: आगं माझ्या बाई! बाहेरनं? कडी कुनी घातली?

चांगुणाबाई: झालं. आता झालं समाधान तुजं?

रुपाली: आम्ही घातली. आई, परसाकडचं दार कसं उघडायचं ते सांगा.

चांगुणाबाई: सविताला कशाला सांगायचं त्ये?

रुपाली: आई!

चांगुणाबाई: वर खुंटी हाय. ती फिरवली आन् खांदा दिला की उघडतंय.

रुपाली: ऐकलंत? पण त्याआधी मीटरपाशी जा, परसातच आहे, आणि मेनचा खटका खाली ओढा. पाणी मारू नका कुठंच. मग दार, मग कडी. फोन चालू राहू द्या.

सविता: जाते, जाते. आवो, ऐकलं का! शेंगा सोडा आन् या हिकडं!

हर्षल: वहिनी, त्या वळणावर ट्रॉली कडेला घेईल. तिथंच फिरवतो मी.

रुपाली: पुढं बघा.

हर्षल: मी कडी हलकीच लावली होती. आतून जोरात ओढली असती तर…

रुपाली: त्या कशा ओढतील? त्यांना सांगितलेलंच आहे ना. हात लावू नका, शिवू नका, फिरू नका.

हर्षल: मी काय मुद्दाम केलंय का?

रुपाली: नाही. मुद्दाम करायला माणूस लक्षात असावं लागतं.

चांगुणाबाई: पोह्यात मीठ कमी हुतं म्हनत हुत्या.

हर्षल: काय?

चांगुणाबाई: वन्सं. सकाळी. मीठ मागत हुत्या. म्या म्हनलं, गिळा तसंच.

सविता: खटका वढला गं! मशीन गप झाली. लई धूर हाय, डोळं उघडना. तुमची बादली पार भाकरीवानी सपाट झालीया. भिंत काळी ठिक्कर. खिडकीतनं समदा धूर आत चाललाय.

रुपाली: बादली राहू द्या. कडी काढा.

सविता: ह्यांनी हात घातलाय. निघंना. तापलीया… थांब, पदरानं धरते. निघाली!

रुपाली: आत्या?

हर्षल: आत्या आहे ना? सविता, आत्या कशी आहे?

सविता: काय दिसना मला. आत्या! ओ केशरआत्या!

रुपाली: सविताताई, आत जा. त्यांना बघा. तेवढं एक बघा.

सविता: हायेत. हायेत गं. खाटंवर बसल्यात, तोंडाला लुगडं लावून. लई खोकत्यात. कायतरी बोलत्यात मला.

रुपाली: काय म्हणतायत?

सविता: म्हनत्यात, त्यान्ला सांग, म्या खटक्याला हात लावला न्हाई.