तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यामध्ये

(लिफ्टची बंद पेटी. आत प्राध्यापक, हातात भाषणाचे कागद. दुसरा आवाज बटणांवरच्या जाळीतून येतो.)

प्राध्यापक : ...संवाद हा मानवी संस्कृतीचा पाया आहे. माणूस जेव्हा दुसऱ्या माणसाचं मनापासून ऐकून घेतो, तेव्हाच तो खऱ्या अर्थाने... ही अजून हलत का नाहीये? हॅलो! अहो, कोणी ऐकतंय का?

लिफ्टवाला : ऐकतोय. मनापासून.

प्राध्यापक : मग बोलत का नाही? केव्हाचा घंटा दाबतोय!

लिफ्टवाला : दाबून धरली होतीत. त्यामुळे पायापासून सगळं ऐकू आलं. म्हटलं, संस्कृती उभी राहू दे, मग बोलू.

प्राध्यापक : हा आवाज... साडूभाऊ? तुम्ही इथे?

लिफ्टवाला : गच्चीवर, मशीनच्या खोलीत. ही लिफ्ट अकरा वर्षं माझ्याकडे आहे.

प्राध्यापक : मला कल्पनाच नव्हती!

लिफ्टवाला : दोनदा सांगितलं होतं. तुमच्या फोनमध्ये असेल बघा.

प्राध्यापक : ...बरं, ते राहू दे. आधी मला बाहेर काढा. सहाचा कार्यक्रम, सहा वाजून सात मिनिटं झालीत. सातव्या मजल्यावर सभागृह भरलं असेल. आणि मी इथे अडकलोय.

लिफ्टवाला : कुठे अडकलात?

प्राध्यापक : ते तुम्ही सांगायचं! वरचा आकडाही दिसत नाहीये.

लिफ्टवाला : त्याचा दिवा गेलाय. नवा मागवून तीन आठवडे झाले. तुमचा काय अंदाज?

प्राध्यापक : तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधे असेन. जाणवतं ना. पायाखाली अधांतरी वाटतंय.

लिफ्टवाला : बरं. काय काय दाबलंत?

प्राध्यापक : 'दार बंद'. सात-आठ वेळा तरी दाबलं.

लिफ्टवाला : सात-आठ वेळा! ज्या बटणावर अख्खा भाग केलात, तेच? 'दार बंद करायचं बटण कशालाच जोडलेलं नसतं. ते फक्त अधीर माणसाच्या बोटाला काम देतं. आपल्या समाजात अशी बटणं किती आहेत, याचा विचार करा.' वा! रेडिओवर काय खणखणीत वाटलं होतं.

प्राध्यापक : ऐकलात तुम्ही तो भाग?

लिफ्टवाला : दोनदा. पहिल्यांदा माझ्या स्वयंपाकघरात ऐकला, मी स्वतः बोलत होतो तेव्हा.

प्राध्यापक : हं. म्हणजे हे असं आहे तर. तुम्ही मुद्दाम थांबवलीत लिफ्ट.

लिफ्टवाला : तुम्हाला तसं वाटतं?

प्राध्यापक : स्पष्टच आहे! आणि हे 'तुम्ही, तुम्ही' काय लावलंय? एकोणीस वर्षं मला 'अरे-तुरे' करता. मी धाकटा साडू तुमचा.

लिफ्टवाला : धाकट्या साडूशी अरे-तुरे. रेडिओवरच्या विचारवंतांशी माझी तेवढी ओळख नाही.

प्राध्यापक : टोमणे मारा, हक्क आहे तुमचा. पण जरा शांतपणे बघा. विचार ही काय कुणाच्या सातबाऱ्यावर चढणारी गोष्ट आहे का? विचार हवेसारखा असतो. तुम्ही सोडलात, मी घेतला, तिसरा घेईल. ज्ञानाची परंपराच अशी चालते.

लिफ्टवाला : हवेचं पटलं. पण कार्यक्रमाचं नाव 'दोन खुर्च्या'. एका खुर्चीवर विद्वान, दुसरीवर 'एक साधा माणूस'. विद्वान म्हणजे तुम्ही. लिफ्ट नव्हती तेव्हा श्रीमंत खालच्या मजल्यावर राहायचे आणि गरीब वर, लिफ्ट आली आणि समाज उलटा झाला, हे कोण बोललं? विद्वान. आणि ते मूळ कोण बोललं होतं?

प्राध्यापक : तुम्ही. पण मांडणी माझी...

लिफ्टवाला : आणि साध्या माणसाच्या खुर्चीवर तो कुठला नट बसवलात? घसा खरवडून बोलतो आणि दर दोन वाक्यांनी 'बापरे!' म्हणतो. मी जन्मात कधी 'बापरे' म्हटलेलं नाही.

प्राध्यापक : अहो, ते श्रोत्यांसाठी! समोरचा थक्क झाला की ऐकणारा थक्क होतो.

लिफ्टवाला : आमच्या टेबलाशी थक्क कोण व्हायचं? मी सांगायचो, पेटी मोटर एकटी उचलत नाही. मागे लोखंडाचं ओझं असतं, ते खाली येतं तेव्हा पेटी वर जाते. आणि तुम्ही चहा तसाच ठेवून म्हणायचात...

प्राध्यापक : बापरे, म्हणजे तुम्ही एकेक वाक्य...

लिफ्टवाला : हेच. हेच म्हणायचात. 'बापरे' तुमचं आहे. तुम्ही माझे विचार घेतलेत आणि तुमचे प्रश्न मला दिलेत. अदलाबदल करतानासुद्धा चांगला माल कुठला, ते बरोबर ओळखलंत.

प्राध्यापक : शेवटी आभार मानतो ना मी. प्रत्येक भागात.

लिफ्टवाला : 'आणि आमच्या समस्त परिवाराचे.' हो. त्यात तुमचं मांजरही येतं.

प्राध्यापक : सहा वाजून तेरा. साडूभाऊ, वर मानपत्र आहे, कुलगुरू आहेत, लोक खोळंबलेत. आपण हे रविवारी बोलू. नेहमीसारखं, तुमच्या टेबलाशी.

लिफ्टवाला : फोन कुठे ठेवाल?

प्राध्यापक : म्हणजे?

लिफ्टवाला : आलात की पहिलं काम तेच करायचात. खिशातून फोन काढायचा आणि टेबलावर पालथा ठेवायचा. मला काय वाटायचं माहितीये? केवढी शिस्त आहे या माणसाची! माझ्याशी बोलताना फोनकडे बघतसुद्धा नाही. मुलीला उदाहरण द्यायचो. म्हणायचो, तुझ्या काकांकडून शिक, समोर माणूस बसलं की यंत्र पालथं घालायचं असतं.

प्राध्यापक : ...सुरुवातीला खरंच तसंच होतं. विश्वास ठेवा. रेकॉर्डिंग फक्त शेवटची तीन वर्षं. आता घरबसल्या सगळं बोलणं आपोआप टाइप होऊन मिळतं, मोह होतो माणसाला.

लिफ्टवाला : तीनच? मग माझ्या आईचं त्यात बसलं म्हणायचं.

प्राध्यापक : तो भाग लोकांना फार भिडला. रडल्याचं कळवलंय लोकांनी. 'यंत्र आणि सांत्वन'. आजचं मानपत्रसुद्धा खरं तर...

लिफ्टवाला : त्याच भागाचं आहे. वाचलं मी. खाली फलकावर लावलंय. 'आपल्या दिवंगत मातोश्रींची हृद्य आठवण सांगणारे.' तुमच्या मातोश्री परवा आमच्याकडे आल्या होत्या. म्हणाल्या, पोराने मला रेडिओवर मारलं म्हणे. तब्येत तशी बरी आहे माझी, गुडघे सोडले तर.

प्राध्यापक : आई ऐकते ते भाग?

लिफ्टवाला : एवढ्या जणांत त्याच एक हसल्या. विचारत होत्या, शेवटी मी नीट बोलले का?

प्राध्यापक : मला 'माझ्या साडूच्या आई' असं म्हणता आलं असतं, मान्य. पण ऐकणारा लगेच दूर जातो. 'माझी आई' म्हटलं की श्वास थांबतो. हे निवेदनाचं तंत्र आहे, साडूभाऊ. वाईट हेतू नव्हता.

लिफ्टवाला : दिवस का वाढवलेत?

प्राध्यापक : कुठले दिवस?

लिफ्टवाला : आईला काही आठवायचं नाही. सारखी म्हणायची, घरी जायचंय. म्हणून भंगारातल्या लिफ्टचं बटणांचं पॅनेल आणून तिच्या पलंगाशी भिंतीवर ठोकलं. ती चौथा दाबायची. आमचं जुनं घर चौथ्यावर होतं. मी म्हणायचो, निघाली हं लिफ्ट. ती डोळे मिटायची. वर्षभर हे चाललं. एक दिवस मी दोन बिघाड दुरुस्त करून दमून आलो. तिने चौथा दाबला आणि मी म्हणालो, आई, लिफ्ट बंद आहे आज. त्यानंतर तिने बटणाला हात लावला नाही. नऊ दिवसांनी गेली. तुम्ही रेडिओवर सांगितलंत, अकरा. का?

प्राध्यापक : ...अकराची लय बरी बसत होती.

लिफ्टवाला : लय.

प्राध्यापक : चुकलं. ते चुकलंच.

लिफ्टवाला : ही ते स्वयंपाकघरात ऐकत होती. बहिणीच्या नवऱ्याचा कार्यक्रम म्हणून दर वेळी कौतुकाने लावते. भाग संपला आणि तिने गॅस बंद केला. म्हणाली, ते नऊ दिवस मी आईंच्या उशाशी होते. रोज तुम्हाला विचारत होते, आई बटण का दाबत नाहीत? तुम्ही म्हणायचात, काय की. मला नाही सांगितलंत, आणि त्याला सांगितलंत?

प्राध्यापक : ताईंना माहीत नव्हतं?

लिफ्टवाला : कुणालाच नव्हतं. एकदाच बोललो आयुष्यात. तेव्हा तुम्हाला म्हणालो होतो, हे या टेबलाबाहेर नको. तुम्ही मान हलवलीत. मान हलवलेली टाइप होत नसेल. आज तीन आठवडे झाले. डबा देते, पण कोपऱ्यात ठेवून देते, हातात नाही. तो इथे मशीनपाशी बसून खातो.

प्राध्यापक : मला... एक विचारू? मलाच का सांगितलंत?

लिफ्टवाला : फोन पालथा ठेवला होतात म्हणून.

(प्राध्यापक भाषणाचे कागद घडी करून खिशात घालतो.)

लिफ्टवाला : मला मानपत्र नको. बटण, मजले, लोखंडाचं ओझं, सगळं ठेवा तुम्ही. विचार हवेसारखे असतील. आई हवेसारखी नसते. ती कुणाची तरी असते.

प्राध्यापक : काय करू सांगा. तुम्ही म्हणाल ते.

लिफ्टवाला : वर गेल्यावर पहिलं वाक्य बोलायचं. ही आई माझी नाही, माझ्या साडूची होती. दिवस नऊ होते. आणि तो भाग काढून टाकायचा. ही वर बसली आहे, पाचव्या रांगेत. तिच्या बहिणीने ओढून आणलंय. तिच्या कानावर तुमच्या तोंडून जाऊ दे की हे मी रेडिओला सांगितलं नव्हतं. चुकून एका माणसाला सांगितलं होतं.

प्राध्यापक : सांगतो. शब्द देतो. पहिलं वाक्य तेच. संस्कृतीचा पाया नंतर.

लिफ्टवाला : नक्की?

प्राध्यापक : आईशपथ! ...म्हणजे, माझ्या. आता सोडा मला. सहा वाजून एकवीस झालेत.

लिफ्टवाला : 'दार उघडा' दाबा.

प्राध्यापक : मधेच? दोन मजल्यांमध्ये? खाली पडलो तर?

लिफ्टवाला : नाही पडणार. आणि ते बटण जोडलेलं असतं.

प्राध्यापक : दाबलं. उघडतंय... अरे! समोर फलक आहे. चपलांचा स्टँड. वॉचमनची खुर्ची. हा तर तळमजला!

लिफ्टवाला : हो.

प्राध्यापक : म्हणजे इतका वेळ आपण बोलत होतो आणि तुम्ही ती हळूच खाली आणलीत?

लिफ्टवाला : मी काहीच केलं नाही. मशीनला हातसुद्धा लावला नाही.

प्राध्यापक : मग थांबवली कुणी?

लिफ्टवाला : थांबायला आधी चालावी लागते.

प्राध्यापक : एक मिनिट. म्हणजे तुम्ही मला कोंडलंच नव्हतं! तसं भासवून माझ्याकडून कबुली काढलीत. साडूभाऊ, हा विश्वासघात आहे! अशा परिस्थितीत दिलेला शब्द नैतिकदृष्ट्या बंधनकारक राहत नाही. तुम्हीच विचार करा. वर कुलगुरू आहेत. पहिल्याच वाक्याला असं म्हटलं तर काय शोभा राहील? आपण मधला मार्ग काढू. पुढच्या भागात, शेवटी, विशेष आभार. नावानिशी.

लिफ्टवाला : दिलेला शब्द किती मिनिटं टिकला, ते तुमच्या घड्याळात बघा.

प्राध्यापक : दबावाखाली होतो हो मी! अधांतरी लटकलेला माणूस काहीही बोलतो. वर सगळे शोधत असतील मला.

लिफ्टवाला : चौदा मिनिटांत वरून कुणी लिफ्ट बोलावलेली नाही. बोलावली असती तर आपोआप गेला असतात.

प्राध्यापक : मग ही आधी वर का गेली नाही? बिघाड तरी काय होता?

लिफ्टवाला : सातचं बटण तुम्ही दाबलंच नव्हतं.