रेकॉर्डचं बटण

सेट दुरुस्तीला घेतला की मी आधी कॅसेट काढून गिऱ्हाइकाच्या हातात देतो, यावर हसता ना तुम्ही? मग ऐका.

त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशी साल असेल. रत्नागिरीत माझं टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं. आखातात गेलेली पोरं तेव्हा पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवायची. एक म्हातारी नाटे गावाहून एसटीनं आली, सेट मांडीवर धरून.

“आवाज दबलाय बाबा, तेवढा बघ.”

मी हेड पुसलं, पट्टा बदलला. अर्धं काम करायची मला सवयच नव्हती. म्हटलं, रेकॉर्डिंगही तपासू. आत होती त्याच कॅसेटवर बटण दाबलं आणि बोललो, “हॅलो हॅलो, एक, दोन, तीन.” मग कॅसेट मागं फिरवून ऐटीत तिला ऐकवली.

एका तरुणाचा आवाज आला, अगदी स्वच्छ. “मी बरा हाय. जेवण मिळतंय...” मग माझा, “हॅलो हॅलो, एक, दोन, तीन.” मग पुन्हा त्याचा, “...रडू नको.”

म्हातारीनं पदर तोंडाशी धरला. “माझा झील. शिमग्याच्या आधी तिकडंच वारला. तोंडपण बघायला मिळालं नाय.”

मी टेप बंद केला. म्हटलं, “आजी, थोडंच पुसलंय. दोन-चार शब्द.”

“व्हय, थोडंच,” ती म्हणाली. “थयसर, तू पुसलंस तिथंच, त्यानं ‘आये’ म्हणून हाक मारलान होती. अख्ख्या कॅसेटीत एकदाच.”