ग्रॅहमच्या पणजोबांचं पान

आमच्या बॉसच्या पणजोबांचं तुम्हाला सांगितलं का? बॉस म्हणजे ग्रॅहम, इथे आखातात अस्करच्या आमच्या प्लांटमधला ऑस्ट्रेलियन. त्याचे पणजोबा शंभरेक वर्षांपूर्वी तिकडचं ते लांबट चेंडूचं फुटबॉल खेळायचे. ग्रॅहमच्या ऑफिसातल्या त्यांच्या फोटोची काच फुटली, म्हणून मी सलमाबादच्या दुकानातून नवी बसवून आणली आणि फोटो घरी ठेवला.

दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावास्या. ग्रॅहम फोटो न्यायला आला, तर पणजोबा माझ्या वडिलांशेजारी! गळ्यात हार, पुढे वाढलेलं पान. मी बायकोला हाक मारली.

"मीनल, अगं हे काय?"

बायको म्हणाली, "घरात आलेत ना? मग आजच्या दिवशी त्यांना उपाशी ठेवू?"

मी ग्रॅहमला कसंबसं समजावलं. तो फोटोसमोर बसला. मग म्हणाला, "फायनलमध्ये यांची शेवटची किक चुकली. लोक इतकं बोलले, की त्यांनी खेळच सोडला. घरच्यांनीही फोटो कायम ट्रंकेत ठेवला, मीच तो बाहेर काढला."

मी मीनलला ते मराठीत सांगितलं. ती म्हणाली, "एका किकसाठी एवढं?" आणि पणजोबांच्या वाटीत आणखी खीर वाढली.

ग्रॅहमही जेवला. जाताना हारासकट फोटो घेऊन गेला.

फोटोतला हा कोण, असं ऑफिसात कुणी विचारलं, की पूर्वी तो त्या किकचं सांगायचा. आता म्हणतो, "माझे पणजोबा. दर वर्षी मीनलकडे जेवायला असतात."