सव्वीस जानेवारीची दुरुस्ती

चहा घ्या, सांगते. सरकारी धोरणांवरचे अभ्यास कुणालाही फुकट वाचता यावेत म्हणून आम्ही दोघी मैत्रिणी कर्जतहून ऑनलाइन लायब्ररी चालवतो, हे तुम्हाला माहीत आहेच. साइटची दुरुस्ती आम्ही सुट्टीच्या दिवशी काढायचो. कॉलेजं बंद, मग वाचणार कोण?

सव्वीस जानेवारीला साइट बंद केली आणि खालापूरकडच्या एका गावातून आमची नेहमीची वाचक सुनंदा हिचा फोन आला. "ताई, तुमची लायब्ररी उघडंना! हितं ग्रामसभा चालू हाय. गावचा झरा बंगलेवाल्यांना द्यायचा ठराव मांडलाय. उन्हाळ्यात झरा आमालाच पुरत नाय, हे तुमच्याकडच्या अहवालात हाय ना? सरपंच म्हनतात, असा अहवालच नाय!"

ग्रामसभा नेमकी सव्वीस जानेवारीला भरते, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. साइट सुरू व्हायला संध्याकाळ होणार होती. फोनमध्ये मागून कुणीतरी म्हणालं, "चला, हात वर करा, उरकून टाकू."

"सुनंदा, फोन स्पीकरवर टाक गं," मी म्हटलं. माझ्या कॉम्प्युटरवरची प्रत उघडली आणि झऱ्याचं पान मोठ्यानं वाचायला लागले.

मध्येच सरपंच ओरडले, "ओ बाई, लायब्ररी बंद हाय असं मोबाइलवर लिवलंय. मग तुमी कोन?"

मी तोंड उघडायच्या आत सुनंदा म्हणाली, "लायब्ररी बंद हाय, लायब्ररीवाली नाय. बसा खाली. ताई, वाचा पुढं."

सरपंच खरंच बसले. मी अख्खं पान वाचलं, आणि ठराव काही मंजूर झाला नाही.