निकिताचा फ्लेक्स उतरवण्यापूर्वी

सन्माननीय अध्यक्ष महाराज, अंबडच्या कारखान्यातून वेळात वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे, संस्थेचे सर्व विश्वस्त, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या आमच्या मनीषाताई, आणि समोर बसलेल्या माझ्या माता-भगिनींनो आणि बंधूंनो,

सुरुवात चुकली नसावी. मी नाथा, मखमलाबादचा फूलवाला. या संस्थेच्या कार्यक्रमांचे हार, गुच्छ आणि हे स्टेजचं तोरण माझ्याच मळ्यातून येतं. इतकी वर्षं कडेला उभं राहून भाषणं ऐकली, की सुरुवात आपसूक पाठ झाली. पुढचं मात्र पाठ नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

ताईंबद्दल चार शब्द बोला, असं मला सांगण्यात आलं. अपंग मुलांसाठी देणग्या जमवायचं आणि संस्थेच्या प्रसिद्धीचं काम ताई बघायच्या. दिव्यांग म्हणायचं, हे आम्हाला त्यांनीच शिकवलं. घरात आम्ही नुसतं निकिता म्हणायचो. माझ्या निकिताला पहिली चाकाची खुर्ची ताईंनी मिळवून दिली. शाळा तिला घेईना, तेव्हा हेडमास्तरांशी भांडल्या त्याही ताईच. हे उपकार मी कसे विसरू?

निकिता म्हणजे माझी लेक. मागे हा मोठा फ्लेक्स लागलाय ना, त्यावर तीच आहे. जन्मापासून पायात जीव नव्हता, पण गजरा ओवायला बसली की बोटं दिसायची नाहीत. गंगापूर रोडला आमच्या हातगाडीजवळ बसायची. एखादं गिऱ्हाईक तिच्याकडे कळवळून बघायला लागलं, की म्हणायची, "काका, नुसतं बघून गजऱ्याचा वास येत नाय. घ्यायचा तर घ्या." अशी आमची पोर. तोंडाळ, मानी आणि कमावती.

आता मागे वळून बघतो तर केस विस्कटलेले, अंगात विटका फ्रॉक, नजर खाली. ही कोण? हा फोटो काढला त्या दिवशी तिच्या आईनं, रूपालीनं, तिला जांभळा नवा ड्रेस घातला होता आणि केसात अबोलीचा गजरा माळला होता. फोटोवाला म्हणाला, गजरा चालणार नाही, कपडेही बदला. मी म्हटलं, का हो? तेव्हा ताईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "नाथाभाऊ, मागच्या वर्षी एका मुलीचा हसरा फोटो लावला होता. लोक म्हणाले, हिला काय कमी आहे? देणगी पार आटली. मला मुलांना खुर्च्या घ्यायच्यात हो." बोलताना त्यांचे डोळे भरून आले होते. मग दोष द्यायचा कुणाला? ताईंना? फोटोवाल्याला? की रडका चेहरा बघितल्याशिवाय ज्यांचा हात खिशाकडे जात नाही, त्या आपल्या सगळ्यांना?

निकितानं स्वतःच गजरा काढून माझ्या हातात दिला. "आप्पा, ओल्या फडक्यात ठेवा. फोटो झाला की माळते परत." माळलाही. पण तोवर फोटोवाला निघून गेला होता.

पुढे ती एका कारखान्याच्या कॅलेंडरवर झळकली. तिथं सगळं उलटं. तिला हसायला लावलं, पुढ्यात बंद कॉम्प्युटर ठेवला आणि खाली 'जिद्द' असं छापलं. त्याच कारखान्यात तिनं पॅकिंगच्या कामाला अर्ज केला, तर म्हणाले, पॅकिंग वरच्या मजल्यावर आहे, लिफ्ट फक्त मालाची आहे. घरी येऊन म्हणाली, "आप्पा, त्यांच्या भिंतीवर जागा हाय मला, कामावर नाय." कारखान्याचं नाव घेत नाही. पाहुण्यांचा मान राखणं ही आपली रीत आहे.

गेल्या माघात ती गेली. ताप आला, छाती भरली आणि गेली.

गल्लीतल्या पोरांनी चौकात भावपूर्ण श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावला. प्रेमानंच लावला. फ्लेक्सवाल्याकडे तिचा फोटो आयता होता, कारण संस्थेचे फ्लेक्सही तोच छापतो. घाईत त्यानं वरची ओळ बदलली आणि खालचा कोपरा तसाच राहिला. माझ्या लेकीच्या श्रद्धांजलीखाली 'आपली मदत, तिचा आधार' आणि देणगीचा तो चौकोनी कोड. दहाव्याला वणीहून माझा मेहुणा केरू आला. त्यानं चौकात उभं राहून मोबाईलवरून पैसे पाठवले. मला म्हणाला, "दाजी, मामा म्हणून पोरीसाठी काय तरी केलं." रूपालीनं ऐकलं आणि एवढंच म्हणाली, "मेल्यावर तरी माझ्या पोरीला मागायला बसवू नका."

काल संध्याकाळी इथं तोरण बांधायला आलो, तर मागे हाच फ्लेक्स. ताईंच्या कामाची आठवण म्हणून लावलाय म्हणे. तोरणाची गाठ नेमकी तिच्या केसांवर आली.

ताई, तुम्ही आता पुण्याला लेकीकडे जाणार. तुमच्याबद्दल मनात राग नाही, दुःख आहे, आणि ते मला उचलत नाही. तुमच्या जागी जे येतील त्यांना एवढं सांगून जा, की एकदा गजऱ्यासकट फोटो लावून बघा. देणगी आटली तर आटू दे. नाही, असं तरी मी कसं म्हणू? पोरांना खुर्च्या लागणारच आहेत. यातलं उत्तर मला येत नाही. इथं इतकी शिकलेली माणसं बसलीत, तुम्हीच शोधा.

अध्यक्षांनी बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलं, मी ऋणी आहे. गुलाब कितीही निवडून बांधला तरी एखादा काटा राहून जातो. तसं कुणाला काही टोचलं असेल, तर फूलवाल्याचा हात म्हणून पोटात घाला. आता एकच मागणं. कार्यक्रम आटोपला की तोरण उतरवायचं काम दरवेळी माझंच असतं. आज तोरणाबरोबर माझ्या पोरीलाही उतरवतो आणि घरी नेतो. तेवढी परवानगी असावी.