पोहण्याचा वर्ग

शाळेत छंदवर्गांची नावनोंदणी चालू होती. रांगेत पुढे उभ्या असलेल्या आईचं आणि तिच्या सहावीतल्या मुलीचं बोलणं नातीच्या नावनोंदणीसाठी मागे उभ्या असलेल्या शिंपीणकाकूंच्या कानावर पडत होतं.

"चित्रकला घे. नाहीतर बुद्धिबळ."

"पोहणं."

"त्याचं नाव काढायचं नाही म्हटलं ना!"

"मामामुळे?"

"हळू बोल. लोक ऐकतायत."

"ऐकू देत. मामा कालव्यात बुडाला तेव्हा तू काठावरच होतीस ना?"

"होते. तुझ्याएवढीच होते."

"मग काय केलंस?"

"काय करणार? घसा बसेपर्यंत हाका मारल्या. कोणालाच पोहता येत नव्हतं गं."

"म्हणूनच मला शिकायचंय."

"आणि तुला काही झालं म्हणजे?"

"सर असतात पाण्यात. आई, मला नुसत्या हाका मारत उभं राहायचं नाहीये."

काकूंनी नजर दुसरीकडे वळवली. रांग सरकत सरकत खिडकीपाशी आली.

"बोला, कोणता वर्ग?" आतल्या बाईंनी विचारलं.

"पोहणं," आईच म्हणाली. "हिचं नाव घाला."

"घातलं. चला, पुढचे कोण?"

"थांबा हो बाई, माझं व्हायचंय अजून." आईने खिडकीची कड घट्ट धरली. "आयांना शिकवतात का?"